मिस्त्रींची पत्रं अडली तेव्हा

टपालबाईला कुणी टपालबाई म्हणून नेमलं नव्हतं. ती आमच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली होती. पुढे टाइपरायटर अडगळीत गेले, कॉम्प्युटर आले, आणि एक दिवस मोठ्या साहेबांनी कंपनीसाठी स्वतःचा ईमेलचा सर्व्हर आणला. तो बसवायला आलेल्या माणसाने सकाळभर काहीबाही समजावून सांगितलं. ऐकायला आम्ही सगळेच उभे होतो, पण टिपून घेतलं ते फक्त तिने. झालं, सर्व्हर तिच्या गळ्यात पडला.

खोलीही तशीच पदरात पडली. कॉरिडॉरच्या टोकाला झाडू, बादल्या आणि फिनेलचे डबे ठेवायची एक खोली होती, ती रिकामी करून दिली. खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून होती आणि यंत्राला धूळ चालत नाही म्हणून तीही कायम बंद. फिनेलचा वास शेवटपर्यंत गेला नाही. ती म्हणायची, "बरंय की. माशा येत नाहीत आणि माणसंही फार वेळ बसत नाहीत."

चाळिशी उलटायला आली होती तिची. लग्न केलं नव्हतं, घरी ती आणि आई. तोंडाची फटकळ, पण कुणाचं पत्र हरवलं म्हटलं की जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवून शोधायला बसायची. कंपनीतलं प्रत्येक पत्र तिच्या यंत्रातून जायचं, पण तिने कधी कुणाचं वाचलं नाही. साहेबांनी एकदा आडून आडून विचारलं होतं, विक्रीवाले काय लिहितात यावर जरा नजर ठेवता येईल का म्हणून. तिने सरळ सांगितलं की पाकिटावरचा पत्ता वाचणं एवढंच तिचं काम, आणि आतलं वाचायचं असेल तर दुसरी बाई ठेवा. साहेबांनी पुन्हा विषय काढला नाही.

आमची कंपनी बाटल्या भरायची यंत्रं बनवायची. यंत्र तयार झालं की फिटर ते घेऊन गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जायचे, बसवायचे, चालू करून द्यायचे. महिना महिना फिरती. या फिरतीवरच्या माणसांची एक विचित्र अडचण होती. लॉजमधून किंवा कारखान्याच्या फोन लाइनवरून त्यांना आलेली ईमेल वाचता यायची, पण स्वतःची पाठवता यायची नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. सर्व्हर तेव्हा भोळे होते. कुणीही कुठूनही पत्र आणून दिलं की पुढे पोचतं करायचे. दुसऱ्याचं पत्र घेऊन असं पुढे ढकलण्याला त्या कामात रिले म्हणतात. मग जगात फुकट्यांचं पेव फुटलं. टकलावर केस उगवून देणारे, घरबसल्या श्रीमंत करून सोडणारे, असले लोक भोळे सर्व्हर हुडकून त्यांच्यातून लाखांनी कचरा पाठवायला लागले. म्हणून सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली. टपालबाईनेही लावलं. आता ऑफिसात बसून लिहिलेलं पत्र जायचं, पण बाहेरून कुणी आलं की सर्व्हर त्याला उभं करायचा नाही. आपलाच फिटर आपल्याच दारात परका ठरायला लागला.

यावर तिने उपाय काढला. बाहेरून पत्र पाठवणाऱ्याने आधी नाव आणि पासवर्ड द्यायचा, मग दार उघडेल. फिटरांच्या लॅपटॉपवर तिने एकेक करून तशी सोय केली. राहिले फक्त मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे आमच्या फिटरांमधले सगळ्यात जुने. पन्नाशी ओलांडलेली, आवाज मोठा, चाल सावकाश. त्यांचा लॅपटॉपही त्यांच्याइतकाच जुना होता. यंत्राची जुळवणी करायचा प्रोग्राम फक्त त्या जुन्या लॅपटॉपवर चालायचा, आणि त्याच्यावरच्या ईमेलला पासवर्ड देणं माहीतच नव्हतं. नवा घ्यायला खरेदी खातं तयार नव्हतं. टपालबाईने त्यांना सांगितलं की आता काही इलाज नाही, बाकीचे करतात तसा घरी फोन करत जा.

मिस्त्री दारातच उभे होते. म्हणाले, "फोन करून काय उपयोग? ती बोलेल हो. पण मी काय बोललो ते तिला कसं कळणार?"

तेव्हा तिला कळलं. मिस्त्रींच्या बायकोला, आम्ही त्यांना मिस्त्रीणबाई म्हणायचो, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मोठा ताप आला होता आणि त्यात दोन्ही कान गेले. त्या घरी पडदे शिवायचं काम करायच्या. मूलबाळ नव्हतं. मिस्त्री फिरतीवर असले की पूर्वी पत्रं टाकायचे, पण पत्राच्या आधी माणूसच घरी पोचायचा. ईमेल आल्यापासून रोज संध्याकाळी ते तिला लिहायचे आणि ती लगेच उत्तर द्यायची. तेवढीच त्यांची बोलाचाल.

टपालबाईने त्यांना बसवून घेतलं आणि एक तोड काढली. मिस्त्री नव्या ठिकाणी पोचले की तिथून फोन करणार, लॅपटॉपवर दिसणारा त्या लाइनचा आकडी पत्ता वाचून दाखवणार, आणि ती फक्त तेवढ्या एका पत्त्यापुरतं पासवर्डशिवाय दार उघडणार. मुक्काम हलला की ते बंद, पुढचं उघडं. हे नियमात बसत नव्हतं, पण धोकाही फारसा नव्हता.

तसं पुष्कळ दिवस चाललं. फोन वाजला की मिस्त्रींचा आवाज यायचा, "टपालबाई, पोचलो. उघडा." ती आकडे लिहून घ्यायची, उघडायची. संध्याकाळी आवराआवर करताना मिस्त्रींचं पत्र गेलेलं दिसायचं, थोड्या वेळाने मिस्त्रीणबाईंचं आलेलं. मग ती पर्स उचलायची.

त्या वर्षी मिस्त्रींना एका नव्या कारखान्यावर पाठवलं. फार लांब, रेल्वे सोडल्यावरही बसचा मोठा प्रवास. कारखान्याचं छप्परसुद्धा पुरतं झालं नव्हतं. जवळ धड गाव नाही, इंटरनेटचं दुकान नाही. ऑफिस म्हणून पत्र्याची एक खोली आणि त्यात एकुलती एक फोन लाइन, फोन आणि इंटरनेट दोन्ही एकदम तिच्यावरच. ती लाइन सारखी तुटायची, आणि पुन्हा लागली की आकडी पत्ता बदललेला असायचा. मिस्त्रींना संध्याकाळी दोन-तीनदा फोन करावा लागायचा, आणि टपालबाईला तितक्याच वेळा दार उघडायला थांबावं लागायचं. पहिले काही दिवस ती थांबली.

मग तिची आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण दवाखान्यात संध्याकाळी बसायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ऑफिस सुटल्यावर मिनिटभरही थांबणं शक्य नव्हतं. तेव्हा जाता जाता तिने एका पत्त्याऐवजी तिकडच्या अख्ख्या टेलिफोन कंपनीलाच दार उघडून ठेवलं. त्या कंपनीची लाइन घेतलेला कुणीही आता आमच्या सर्व्हरमधून पत्रं पाठवू शकत होता. मिस्त्री परत आले की बंद करू, असं तिने ठरवलं.

मिस्त्री परत यायच्या आधीच त्या टेलिफोन कंपनीच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला तरी ते उघडं दार सापडलं.

एका सोमवारी सकाळी ती आली तर खोलीबाहेरच सर्व्हरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. आत लाखभर पत्रं रांगेत उभी होती आणि त्याच्या कितीतरी पट शनिवार-रविवारी निघून गेली होती. सगळा कचरा, आणि सगळ्यावर आमच्या कंपनीचा शिक्का. तिने आधी दार बंद केलं, मग खुर्चीत बसली. दुपारपर्यंत विक्रीवाले एकामागून एक तिच्याकडे यायला लागले. त्यांची खरी पत्रं परत येत होती. कचरा पाठवणाऱ्या सर्व्हरांची एक काळी यादी असते आणि जगभरचे सर्व्हर ती पाहून पत्रं घेतात किंवा नाकारतात. आमचं नाव त्या यादीत गेलं होतं. बाहेरून येणारं टपाल नीट येत होतं, आमचं मात्र कुणी घेत नव्हतं. एका मोठ्या गिऱ्हाइकाला दराचं पत्र वेळेत पोचलं नाही आणि ते काम हातचं गेलं.

साहेबांनी बोलावलं. तिने काही लपवलं नाही. कुणासाठी उघडलं, का उघडलं, आणि त्या दिवशी अख्ख्या टेलिफोन कंपनीला का उघडलं, सगळं सांगितलं. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की नाव कधी निघेल. ती म्हणाली, यादीवाल्यांना लेखी हमी द्यावी लागेल की दार कायमचं बंद केलंय, मग ते मधूनमधून येऊन दार ढकलून बघतील, आणि खात्री पटली की सोडतील. आठवडे लागतील.

"मग हमी द्या," साहेब म्हणाले. "आणि यापुढे कुणासाठीही उघडायचं नाही. माझ्यासाठीसुद्धा."

तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला. आदल्या संध्याकाळपासून पत्र जात नव्हतं. तिकडच्या टेलिफोन कंपनीचा सर्व्हर आमच्या कंपनीच्या नावाची पत्रं घ्यायचा नाही, आणि आमचा आता त्यांचीच पत्रं घेत नव्हता. बायकोची पत्रं मात्र येत होती. "काल तीन आली," मिस्त्री म्हणाले. "विचारतेय, काय झालं म्हणून. मी नुसता वाचतोय." टपालबाईने झालेला प्रकार सांगितला. मिस्त्री म्हणाले की यात तिचा काही दोष नाही, तिने त्यांच्यासाठीच केलं होतं. त्यांनी दोन ओळी सांगाव्यात, ती संध्याकाळी दवाखान्यात जाता जाता त्यांच्या घरी पोचवील, असं ठरलं. एकाच शहरात तर राहत होते सगळे.

पत्र्याच्या त्या खोलीत मॅनेजर होता, फोनसाठी रांगेत उभे असलेले गवंडी होते, सिमेंटचा हिशेब घेऊन आलेला कुणी होता. त्यांच्यासमोर मिस्त्रींनी मोठ्याने सांगितलं आणि टपालबाईने टाइप केलं, मी बरा आहे. काम चालू आहे. जेवणाची सोय ठीक आहे. काळजी करू नये. तिने ते छापून घेतलं.

मिस्त्रींचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बेल दाबली की आवाज होत नव्हता, आत भिंतीवर एक लाल दिवा लागायचा. मिस्त्रीणबाईंनी दार उघडलं. उंच, किडकिडीत, केसांत दोऱ्याचा तुकडा अडकलेला. शिवणयंत्र खिडकीशी, आणि कोपऱ्यात पडद्याच्या कापडाचंच झाकण घातलेला कॉम्प्युटर. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, उलटून मागची बाजू पाहिली. त्या बोलायच्या, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे बोलणं सपाट आणि जरा मोठं यायचं.

"हे कुणी लिहिलं?"

टपालबाईने कागदावर लिहून उत्तर दिलं. मिस्त्रींनी फोनवर सांगितलं, मी टाइप केलं.

"ते असं लिहीत नाहीत."

मग टपालबाईने सगळं लिहायला घेतलं. दार, कचरा, काळी यादी, हमी. पानभर झालं. मिस्त्रीणबाई खांद्यावरून वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "माझी पत्रं त्यांना मिळतात?"

मिळतात, तिने लिहिलं.

"आणि त्यांची मला येत नाहीत. येणारं येतं आणि जाणारं जात नाही. असं कुठे असतं का?"

असंच होतं. पण कागदावर लिहिलेलं ते वाचताना टपालबाईला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं.

"त्या वेल्डरच्या बायकोलाही तुम्ही हेच सांगितलं होतं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "बरे आहेत, काम चालू आहे. दोन दिवसांनी गाडीतून आणलं त्याला."

हेही खरं होतं. काही वर्षांपूर्वी फिरतीवर असताना आमचा एक वेल्डर वारला होता आणि कंपनीने घरच्यांना आधी काही कळू दिलं नव्हतं. जे मिस्त्रीणबाईंना कानाने तपासता येत नव्हतं, ते त्यांना फक्त लिहिलेल्यावरून ओळखावं लागायचं, आणि आता लिहिणारा हातच परका होता.

शेवटी मिस्त्रीणबाईंनीच मार्ग सुचवला. पत्राच्या शेवटी मिस्त्री त्यांना एका नावाने हाक मारायचे, दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसलेल्या. "ते नाव विचारून या. मग मानीन मी."

सकाळी टपालबाईने कारखान्यावर फोन लावला. लाइन कशीबशी लागली. मिस्त्रींनी बायकोच्या पत्रात तो प्रश्न आधीच वाचला होता. ती म्हणाली, सांगा, मी दुपारी पोचवते. पलीकडे कुणाचं तरी हसणं, खुर्ची सरकल्याचा आवाज.

"सगळे बसलेत हो इथे," मिस्त्री म्हणाले.

"हळू सांगा ना मग."

"या लाइनवर ओरडल्याशिवाय तुम्हाला काही ऐकू येतं का? आणि ते नाव ओरडून सांगण्यासारखं नाही. उद्यापासून इथली पोरं मला त्याच नावाने हाक मारतील." ते ओशाळं हसले. "तिला म्हणावं, घरी आल्यावर सांगतो. कळेल तिला."

टपालबाईने खूप गळ घातली. पण तीस वर्षं ज्याचा शब्द शेवटचा मानला जायचा त्या माणसाला परक्या पोरांसमोर आपलं हसं करून घ्यायचं नव्हतं. तिने दुपारी जाऊन तो निरोप जसाच्या तसा दिला. मिस्त्रीणबाईंनी वाचला, घडी घातली, शिवणयंत्राच्या खणात ठेवला. रडल्या नाहीत, वाद घातला नाही. तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्हाला त्रास झाला." टपालबाईला वाटलं, पटलं यांना.

तरी ऑफिसात परतल्यावर तिला चैन पडेना. तिने दाराची सेटिंग उघडली. मिस्त्रींना फोन करायचा, आत्ताचा आकडी पत्ता घ्यायचा, तेवढ्यापुरतं उघडायचं, एक पत्र जाऊ द्यायचं आणि बंद करायचं. दोन मिनिटांचं काम होतं. हमीच्या कागदाची प्रत टेबलावरच होती. यादीवाले कधीही दार ढकलून बघणार होते, आणि पुन्हा सापडलो असतो तर कंपनीचं नाव निघालंच नसतं. तिने सेटिंग बंद केली आणि आईला खायला घेऊन दवाखान्यात गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटायच्या सुमाराला फोन वाजला. मिस्त्री. आवाज ओळखू येईना.

"ती निघाली. आत्ता वाचलं मी. लिहिलंय, 'मी येते आहे. असशील तर दिसशील.' एवढंच." मग त्यांनी ते नाव सांगितलं. अक्षरशः ओरडून सांगितलं, दोनदा. मागे कुणी हसलं नाही. "जा, बाई. अडवा तिला. एकटी कुठे बदलणार गाड्या? कुणाला विचारेल, आणि विचारलं तर ऐकेल कशी?"

टपालबाई रिक्षा करून मिस्त्रींच्या घरी गेली. लाल दिवा आत लागत असेल, दार कुणी उघडलं नाही. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, त्या दुपारीच पिशवी घेऊन गेल्या. स्टेशनवर गेली तर तिकडे जाणारी गाडी केव्हाच सुटली होती. तिने प्लॅटफॉर्मवरून आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या फिटरला फोन करून पाहिला, तो त्या वाटेवर कुठेच नव्हता. मग मिस्त्रींना कळवलं. ते म्हणाले, बरं.

पुढचं आम्हाला मिस्त्रींच्याच तोंडून कळलं. त्या रात्री ते झोपले नाहीत. सकाळी यंत्राची चाचणी होती, गिऱ्हाइकाचे लोक बघायला आलेले, पुढे ढकलता येत नव्हतं. बाटल्यांना झाकण बसवणाऱ्या भागात एक बाटली तिरकी अडकली. मिस्त्रींनी आजवर शेकडो पोरांना शिकवलं होतं की आधी यंत्र थांबवायचं, मग हात घालायचा. त्या वेळी फाटकाशी एक बस येऊन थांबली होती. त्यांची नजर तिकडे होती. यंत्र चालू असतानाच त्यांनी हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्या बसमध्ये मिस्त्रीणबाई नव्हत्या. त्या संध्याकाळी पोचल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला बहिऱ्या बाईला कसं सांगावं कळेना. त्याने आपला उजवा हात धरून दाखवला आणि दवाखान्याच्या दिशेने बोट केलं. त्या पोचल्या तेव्हा मिस्त्री खाटेवर होते, हाताला मोठं बँडेज, गुंगीत.

मिस्त्रीणबाईंना जी भीती होती, नेमकं तेच त्यांना समोर दिसलं. आणि हे आज सकाळी झालं, यावर त्यांचा विश्वास कधीच बसला नाही. ज्या दिवशी पत्र थांबलं त्याच दिवशी अपघात झाला, कंपनीने तो लपवला, कुणातरी बाईच्या हातून खोट्या ओळी पाठवल्या, असाच हिशेब त्यांनी मांडला, आणि तो सगळा नीट जुळत होता. डॉक्टरांनी तारीख दाखवली. त्या म्हणाल्या, तारीख काय, कुणीही घालतं. मिस्त्रींनी स्वतः डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण मिस्त्रींना दिसत होतं की हे कंपनीने शिकवून ठेवलंय, नोकरी टिकावी म्हणून लिहितोय, असंच तिला वाटतंय.

ते घरी आल्यावर टपालबाई भेटायला गेली. मिस्त्री आतल्या खोलीत निजले होते. तिने ठरवून ठेवलं होतं, आपल्याकडे एकच पुरावा आहे. ती कागद घेऊन बसली आणि तिने लिहिलं, अपघाताच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याशी फोनवर बोलले, त्यांनी मला ते नाव सांगितलं. आणि खाली ते नाव लिहिलं.

मिस्त्रीणबाईंनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पार उतरला. कागदावर तळहात ठेवून त्यांनी ते नाव झाकलं.

"सगळी पत्रं तुमच्याच यंत्रातून जायची ना?" त्या म्हणाल्या.

टपालबाईने मान डोलावली.

"म्हणजे तुम्ही वाचत होता."

तिने लिहायला पेन उचललं. मिस्त्रीणबाईंनी मान खिडकीकडे वळवली. बघितलं नाही की संपलं, त्यांच्याशी बोलायचा दुसरा मार्गच नव्हता. टपालबाईने पेन खाली ठेवलं आणि दार ओढून घेऊन ती खाली आली.

महिन्याभराने काळ्या यादीतून कंपनीचं नाव निघालं. विक्रीवाल्यांनी मिठाई वाटली, तिच्याही टेबलावर एक डबी ठेवली. फिटरांना नवे लॅपटॉप मंजूर झाले. जुळवणीचा प्रोग्रामही नव्याने लिहून घेतला गेला, तो आधी का लिहून घेतला नाही हे कुणी विचारलं नाही. टपालबाईची आई काठीने चालायला लागली. पुढल्या वर्षी साहेबांनी ईमेलचं सगळं काम एका बाहेरच्या कंपनीला दिलं आणि तिला माझ्या शेजारी, पार्सल पाठवायच्या टेबलावर बसवलं. हे सगळं तिने मला तिथे सांगितलं, खोक्यांना सुतळी बांधता बांधता, तुकड्यातुकड्याने. नाव मात्र तिने मलाही सांगितलं नाही.

मिस्त्रींना सुट्या भागांच्या गोदामात बसती नोकरी मिळाली. फिरती संपली. एकदा आम्ही दोघं तिकडे खिळ्यांचं खोकं आणायला गेलो होतो. टपालबाईने विचारलं, घरी कसं चाललंय.

"चाललंय," मिस्त्री म्हणाले. डाव्या हाताने ते पावती लिहीत होते. "रोज संध्याकाळी घरी असतो. जेवायला वाढते, अहो म्हणते, औषध आठवणीने देते. पत्रात तू म्हणायची मला. काय काय लिहायची, दिवसभराचं. आता समोरच असतो, मग लिहायचं कशाला?" पावती फाडून त्यांनी पुढे केली. "मी एकदा लिहून बघितलं. तिच्या कॉम्प्युटरवर पाठवलं, इथूनच. त्याचं उत्तर आलं नाही."

"पोचलं होतं का?" टपालबाईने विचारलं.

"पोचलं होतं. तिने उघडलेलं मी घरी पाहिलं."

टपालबाईने खोकं उचललं. ते जड होतं, पण तिने मला हात लावू दिला नाही.

मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. मिस्त्रीणबाई आल्या नाहीत. साहेबांनी मिस्त्रींच्या कामाबद्दल बरंच चांगलं सांगितलं, आणि सगळं खरं होतं. टपालबाई मागच्या रांगेत दाराजवळ बसली होती. भाषणं चालू असतानाच ती उठली, आपल्या जागेवर जाऊन टेबलाचा खण बंद केला आणि घरी गेली.